राजाला डोळे मिळणार नाहीत

दत्ता, परवा तुझं तेरावं झालं आणि काल रोह्याच्या शाळेत तुझी शोकसभा. तिथे मी भांडून आले. तू असतास तर म्हणाला असतास, "बाई, तुला मयताला पन भांडायला लागतं." हो, लागतं. भांडले ते तुझ्यासाठीच. अजून डोक्यातली रग उतरलेली नाही आणि ती उतरायच्या आत हे लिहून काढायचं आहे, म्हणून पोळ्या तशाच ठेवून बसले आहे.

तू कुठे जन्मलास, कधी भरती झालास, कधी सुटून आलास हे मी लिहिणार नाही. ते त्यांनी फ्लेक्सवर छापलंय. तुझा लष्करी वेषातला तरुणपणीचा फोटो, मागे दोन बंदुका, आणि 'वीर' हा शब्द तुझ्या नावाहून मोठा. वीस-बावीस वर्षं पेणच्या कारखान्यात मांडी घालून तू गणपतींचे डोळे आखलेस, त्याचा एक शब्द त्यावर नाही. कुंचल्याचं चित्रसुद्धा नाही. 'वीर' म्हटल्यावर तू कसा तोंड फिरवायचास ते मला माहीत आहे. आपल्या गडब गावच्या ग्रामपंचायतीत तुझा सत्कार ठेवला होता, तेव्हा तू शाल घेतलीस, नारळ घेतलास आणि भाषणं सुरू झाल्यावर मागच्या दाराने भातशेतीत निघून गेलास. वहिनी तिथे तुझ्या रिकाम्या खुर्चीशेजारी एकटी बसून राहिली बिचारी.

गडबच्या शाळेत आपण एका वर्गात होतो. तुझे वडील मिठागरात, माझे शेतावर. मी शिकून रोह्याच्या हायस्कुलात इतिहासाची शिक्षिका झाले त्या दिवसापासून तू मला नावाने हाक मारली नाहीस, बाईच म्हणायचास, आणि वर 'गो' जोडायचास. "ऐक गो बाई." असं मला दुसरं कुणी म्हटलं असतं तर मी त्याचं थोबाड रंगवलं असतं. तू वर डोंगरात, बर्फात लढून आलास तेव्हा तुझा डावा कान गेलेला होता. तोफेचा गोळा जवळ फुटला, एवढंच तू सांगितलंस. नंतर आपण पेणहून एसटीने रोह्याला जायचो तेव्हा तू डावीकडची खिडकी धरायचास आणि मला उजवीकडे बसवायचास. वडखळच्या नाक्यावर गाड्या अडकल्या, हॉर्नचा गोंगाट सुरू झाला की म्हणायचास, बरं झालं, या बाजूचं दुकान बंद आहे. मी हसायचे. त्यापुढे मी कधी काही विचारलं नाही. याचं मला काय वाटतंय ते पुढे सांगते.

आपलं मोठं भांडण सुरू झालं ते रिझवानमुळे. रिझवान माझा जुना विद्यार्थी, रोह्याचा, आता आखातात कंपनीत आहे. सुट्टीत इजिप्त बघायला गेला आणि बाईंना इतिहासाचं वेड म्हणून त्याने तिथल्या देवळांच्या भिंतींचे फोटो मोबाईलवर पाठवले. सगळ्या लढायाच लढाया. रथावरचा राजा घराएवढा, शत्रू मुंगीएवढे. ते तुला दाखवायला मी रामवाडीतल्या घरून चालत पेणच्या कारखान्यात आले. भाद्रपद संपून गेलेला, कामं थंडावलेली. तू रंगाच्या बोटांनी माझा मोबाईल घेतलास आणि फोटो मोठा करून बघत बसलास. राजाकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस. एका भिंतीवर कापलेल्या हातांचा ढीग कोरलाय आणि शेजारी कारकून उभा राहून ते मोजतोय, तिथे तू थांबलास. मेलेल्या प्रत्येक शत्रूचा एक हात आणायचा, अशी त्यांची रीत होती, मी सांगितलं. तू तो ढीग बोटांनी आणखी मोठा केलास. मग म्हणालास, "ज्यानं ह्ये कोरलंय त्याला वास आलेला हाय."

मी म्हटलं, दत्ता, वास दगडात येत नाही. हे दरबारी कारागीर. राजाने सांगितलं ते कोरायचं, ठरलेल्या नमुन्यावरून. लढाई कुणी बघितलेली नाही, सगळं साच्यातून काढल्यासारखं आहे. इथे मी चुकले. साच्याबद्दल तुझ्याशी बोलायला नको होतं. तू म्हणालास, गणपती आम्हीपण साच्यातूनच काढतो, शंभरचे शंभर सारखे. मग डोळे का हाताने आखतो? साच्यात डोळे का पाडत नाही?  अडले की मी आवाज चढवते, तसा चढवला. तुझ्या शेजारच्या पाटावर बसणारा मधुकर रंग कालवायचा थांबला आणि आपल्या दोघांकडे बघत राहिला.

त्या भांडणातूनच शाळेच्या भिंतीचं काम निघालं. माझ्या निवृत्तीला एक वर्ष होतं. व्हरांड्यातली एक मोठी भिंत रिकामी होती आणि मुलांना प्राचीन जग दिसावं असं माझ्या मनात होतं. मी संस्थेच्या अध्यक्षांकडून परवानगी काढली. तू शाडूत चौकोना-चौकोनांत घडवायचं, साचा घ्यायचा आणि सिमेंटमध्ये ओतून भिंतीवर बसवायचं असं ठरलं. दिवाळीची सुट्टी आणि पुढचे रविवार. मी फोटो, पुस्तकं आणि मतं पुरवायची. मतं मी जरा जास्तच पुरवली.

त्या दिवसांचं मला एकेक आठवतंय. मी व्हरांड्यात बाकावर बसून वाचायचे, तू मातीत हात घालून ऐकायचास, उजवा कान माझ्याकडे करून. त्या राजाने देवळांवर लिहून ठेवलंय की सगळं सैन्य त्याला सोडून पळालं आणि तो एकटा हजारोंशी लढला. हे वाचल्यावर तू एवढा हसलास की हातातला चौकोन वाकडा झाला. एकट्याने लढला, मग मागे डाळ-तांदूळ कुणी आणला, विचारलंस. मी पुढे वाचलं, की फक्त माझे दोन घोडे माझ्याबरोबर टिकले आणि आता त्यांना मी माझ्या हाताने चारा घालीन, असंही तो म्हणतो. तेव्हा तू हसायचा थांबलास. "खोटारडा हाय, पन घोड्यांपुरतं खरं बोलला," म्हणालास, आणि ते दोन घोडे तू किती मायेने केलेस. नाकपुड्या फुललेल्या, मानेवर शिरा. छावणीतलं ओझं उतरवलेलं गाढवसुद्धा तू सोडलं नाहीस. नदीत बुडता बुडता वाचलेला शत्रूचा राजा आणि त्याच्या पोटातलं पाणी काढायला त्याला पाय धरून उलटा टांगणारे त्याचे शिपाई, हे तर रिझवानच्या फोटोत होतंच. तुला ते फार आवडलं. एवढ्या मोठ्या लढाईत कुणाला तरी हेही दिसलं, असं तू चार वेळा म्हणालास.

आणि तो पाण्याचा दिवस. इजिप्तमधले त्या काळचे गुरुजी मुलांकडून एक धडा गिरवून घ्यायचे. शिपाई होऊ नका, कारकून व्हा, असा उपदेश. त्यात शिपायाचे हाल लिहिलेत. गाढवासारखं ओझं मानेवर, डोंगरावरून पायपीट, पाठीची कमान झालेली, आणि दोन दिवस कोरडे गेल्यावर प्यायला मिळतं ते पाणी घाण वासाचं, खारट. मी वाचत होते आणि मजेत वाचत होते, कारण शिक्षक सगळीकडे सारखेच, असा माझा मुद्दा होता. तुझा हात मातीतच थांबला. मिठागराच्या कडेला विहीर होती, तिचं पाणी आपण लहानपणी प्यायलोय, तसं का, असं तू विचारलंस. मी म्हटलं, असेल. तू म्हणालास, "पानी बरोबर लिवलंय." मी लगेच फटकारलं, की हे लिहिणारा कारकून होता, सावलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा, तो कधी लढाईला गेला नव्हता. तू मान वर न करता म्हणालास, "मग त्याला चव कुणी सांगितली? सांगितली म्हंजे कुणीतरी इचारली आसंल ना गो."

दत्ता, यावर मी काय केलं? घड्याळ बघितलं आणि पाच वीसची एसटी चुकेल म्हणून उठले.

ज्याचं जळतं त्यालाच कळतं, हे मी मुलांना फळ्यावर लिहून द्यायचे. समोर बसलेल्या माणसाला मात्र विचारलं नाही, की तुझं काय जळलं. हजारो वर्षांपूर्वीच्या शिपायाच्या तोंडाची चव मला तोंडपाठ. तुझी नाही. तू सांगितली असतीस की नसतीस, तो पुढचा प्रश्न. मी विचारायला पाहिजे होतं. एवढं एक मला आता जन्मभर पुरेल.

मग डोळ्यांच्या आखणीचा दिवस आला. कारखान्याची पद्धत मला तू पहिल्यांदा त्याच दिवशी सांगितलीस. डोळे नसलेली मूर्ती दाराबाहेर जात नाही, आणि एकाच्या आखणीवर दुसरा हात चालवत नाही. आखणारा मेला आणि काम अपुरं राहिलं, तर त्याचा कुंचला त्याच्या घरच्यांनी दुसऱ्याच्या हातात द्यायचा, तेव्हाच तो पुढे आखणार. तू सकाळी सुरुवात केलीस. घोडे, गाढव, शिपाई, उलटा टांगलेला तो बिचारा. मग खाली रथाखाली पडलेले मेलेले. एकेकाचे डोळे तू उघडे आखायला लागलास. मी ओरडले, अरे, मेलेत ते, मिटलेले डोळे काढ. तू म्हणालास, आमच्यात मिटलेले डोळे कुणाला येतच नाहीत. मला खरंच वाटलं की हा कारागीर हाताच्या सवयीने चुकला. मूर्तिकाराची चूक, म्हणून मी सोडून दिलं. दुपारी तू कुंचला धुतलास. राजा तसाच कोरा. भलामोठा चेहरा, मुकुट, नाक, आणि डोळ्यांच्या जागी गुळगुळीत सिमेंट.

मी विचारलं, हा राहिला की. तू म्हणालास, "ऱ्हायला नाय. झालाय. त्यानं काय बघितलंच नाय तर डोळे कशाला?"

आणि तो भिंतीला कान लावलेला माणूस. त्यावरून तर आपण आठवडाभर बोललो नाही. माझ्या पुस्तकात एका फार जुन्या थडग्यातलं रेघांचं चित्र होतं. किल्ल्याला वेढा पडलाय, बाहेरून शत्रू पहारींनी तट पोखरतोय, आणि आत एक माणूस गुडघे टेकून भिंतीला कान लावून ऐकतोय, की खणतायत कुठे. ते चित्र तुला हवंच होतं. मी सांगितलं, हे त्या राजाच्या हजार वर्षं आधीचं आहे, एका भिंतीवर बसणार नाही, इतिहास म्हणून काही चीज असते. भिंत ती भिंतच, तू म्हणालास आणि कोपऱ्यात तो बसवलास. बसवल्यावर मी बघितलं तर तो उलटा. पुस्तकात तो ज्या बाजूला तोंड करून होता, त्याच्या बरोबर विरुद्ध. मी तुला सगळ्यांसमोर झापलं, की निदान नक्कल तरी धड कर. तू खाली बघून म्हणालास, चुकलं, साचा उलटा निघाला. तुझ्यासारख्या माणसाने साच्यात असली पोरकट चूक करावी याचं मला नवल वाटलं. पण तू चूक कबूल केल्याचा आनंद त्याहून जास्त होता, खोटं कशाला बोलू.

उद्घाटनाला अध्यक्षांनी राजा बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. अपुरं आहे, म्हणाले. झालंय, तू म्हणालास. मेलेले डोळे वटारतायत, पोरं घाबरतील, म्हणाले. घाबरू देत, तू म्हणालास. एवढंच भाषण केलंस. पुढे त्यांनी सूचनांचा फळा नेमका मेलेल्यांच्या समोर उभा केला आणि तो तिथेच राहिला. पोरं मात्र फळ्यामागे डोकी घालून बघायची, मी स्वतः पाहिलंय.

आता तू पाटावरच बसल्या जागी गेलास, हातातलं काम हातात. दहाव्या दिवशी अध्यक्षांचा मला फोन. तुझं स्मारक म्हणून ते शिल्प नवं करायचं ठरलंय. राजाला डोळे काढायचे, मेलेल्यांचे मिटवायचे, हातांचा ढीग बुजवून तिथे तुझं नाव आणि दोन बंदुका. शौर्य-शिल्प असं नाव. मी मध्येच फोन ठेवला. माझं असं फोन ठेवणं काय असतं ते तुला माहीत आहे. काम मधुकरला सांगितलं होतं. मधुकर पद्धतीप्रमाणे वहिनीकडे कुंचला मागायला गेला. वहिनीने त्याला चहा दिला आणि सांगितलं की कुंचला बाईंना देऊन झाला. दिला नव्हता रे तोवर. तो गेल्यावर स्वतः चालत रामवाडीला आली, पदरात कुंचला गुंडाळून, आणि माझ्या हातात ठेवला. मी तिला म्हटलं, वहिनी, मला साधी रांगोळी धड येत नाही. तर म्हणते कशी, "म्हनूनच तुमाला दिलाय."

संध्याकाळी मधुकर माझ्याकडे आला. आता मागेल, म्हणून मी तयारीत. पण तो नुसता उंबऱ्यात उभा राहिला. कुंचला दुसरीकडे गेला ते बरं झालं, म्हणाला. पेणमधला कुणी त्या भिंतीला हात लावणार नाही, मी चार कारखान्यांत सांगून आलोय.

काल सभेत मला एक कागद दिला होता वाचायला. अतुलनीय शौर्य, धगधगतं तेज, असलं सगळं. मी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तो पाण्याचा धडा वाचला. मानेवरचं ओझं, पाठ, खारट पाणी. मग सांगितलं, की दत्ता आणि मी दोन वर्षं भांडत होतो. मी म्हणत होते की त्या भिंती मुक्या आहेत, तो म्हणत होता की ऐकू येतं. तो जिंकला. हे मी त्याला जिवंतपणी सांगितलं नाही, कारण मी आखडू आहे. लोक जरा हलले. अध्यक्ष उठून म्हणाले, बाई, भावना पोचल्या, पण राजाचे डोळे कधी होणार तेवढं सांगा, कुंचला तुमच्याकडे आहे म्हणतात. मी म्हटलं, "ज्या दिवशी तो खाली बघेल, त्या दिवशी." आणि त्यांच्या देखत सूचनांचा फळा ओढून बाजूला केला. जड होता मेला. पहिल्या रांगेतून वहिनी उठली आणि तिने दुसरं टोक धरलं. त्यानंतर शौर्य-शिल्पाचा विषय कुणी काढला नाही. काढला तरी मी मेलेली नाही अजून.

लोक पांगल्यावर मी भिंतीसमोर एकटी उभी राहिले. तुझी ती चूक पुन्हा बघितली, कोपऱ्यातली. एवढी वर्षं साच्यांत काढणारा माणूस, साचा उलटा निघाला म्हणतो आणि मी मान्य करते. सगळे चौकोन एकाच पद्धतीने ओतलेले, साचा उलटा निघाला असता तर अख्खी भिंत उलटी झाली असती ना रे. घोडे सुलटे, रथ सुलटा, गाढव सुलटं. एकटा तोच फिरलेला. तो फिरल्यामुळे भिंतीला लागलाय तो त्याचा उजवा कान. डावा, दुकान बंद असलेला, आपल्याकडे.

आणि डोळे, दत्ता. बाकी सगळ्यांचे तू बाजूला बघणारे आखलेस, मेलेल्यांचे वर, आभाळात. याचे सरळ समोर. दुपारी मी बाक ओढून जिथे बसायचे आणि वाचायचे, बरोबर त्या जागेकडे. मी विचारलं नाही, तरी तू सांगून गेलास, आणि मी तुला नक्कल धड कर म्हणाले.

कुंचला मी देवघरात नाही ठेवलेला, ते तुला आवडलं नसतं. स्वयंपाकघरात खिडकीशी पेल्यात उभा आहे, चमच्यांबरोबर. पुढच्या सोमवारी मी रोह्याला जाणार आहे. शाळेची परवानगी नाही, मागणारही नाही. बाक तिथेच आहे. तुझ्या उजव्या बाजूला बसेन आणि विचारेन, पाणी कसं होतं.